डॉक्टरबाईंची काडी

धुराच्या गोष्टी काजळीसारख्या असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण एक दिवस मान वर करून बघावं, तर वाशांना हा थर! माझ्याकडेही अशाच साचल्यात.

साठ सालाच्या आगेमागे मुंबईहून डॉक्टर इंदूताई आमच्या मिठबावला आल्या. चुलीच्या धुराने बायकांच्या छातीचं काय होतं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांची पेटी उचलायला आणि घरं दाखवायला मी, बाबल्या. शिक्षण चौथी, पण जीभ मॅट्रिक!

बाई उतरल्या आमच्याच घरी. माझी वयनी, म्हणजे थोरल्या दादाची बायको, बोलता बोलता मध्येच थांबायची, श्वास गोळा करायची आणि मग उरलेलं वाक्य पुरं करायची. बाईंनी तिची छाती तपासली आणि दादाला म्हणाल्या, "चुलीवरची दोन कौलं काढा. धूर बाहेर गेला नाही, तर ही फार दिवस काढायची नाही."

दादाने पान थुंकलं. "पाऊस चुलीत इलो तर जेवतलंव काय?"

विषय संपला!

*

पहिल्याच घरी बाईंनी विचारलं, "धुराचा त्रास होतो का?"

"धूर? खंय आसा धूर?" म्हातारी डोळे पुसत म्हणाली.

बाई चुलीपाशी बसल्या. थोड्याच वेळात त्यांचे डोळे लाल, नाक वाहतंय. म्हातारीला वाटलं, बाईला सासरचं काही दुःख आठवलं. तिने बाईंना कुशीतच घेतलं. "रडा नको गो बाय. सगळा बरा होतला!"

बाई सोडवून घेईनात. मला वाटतं, थोड्या खऱ्याच रडल्या.

*

मग बाईंनी घरोघरी चुलीच्या वर पांढऱ्या कापडाचा एकेक तुकडा टांगला. आठवडाभर राहू दे, काजळी किती बसते ते बघू.

आठवड्याने गेलो तर सगळे तुकडे बगळ्यासारखे पांढरेशुभ्र! बाई चक्रावल्या. "गावात धूरच नाही की काय?"

शेजारची भागीरथी ठसक्यात म्हणाली, "पावण्याचो कपडो काळो करून परत देवचो? आमका काय लाज नाय? नीळ पण घातलंय!"

*

पुरुषमंडळींचं म्हणणं एकच: चुलीच्या धुराने कोणी मरत नाही. म्हणून मी एक गंमत केली. दादासकट पाच-सहा जणांना जेवायला बसवलं, पण ओटीवर नाही, थेट चुलीपुढे. आणि चुलीत सारली नारळाची ओली सोडणं, म्हणजे वरची सालं!

भात वाढायच्या आत सगळे पत्रावळी घेऊन अंगणात. सगळ्यात पुढे दादा! मी हसून हसून खांब धरला.

"बाबल्या, इतकी ओली सोडणं कशाला घातलीस?" बाई रागावल्या.

चुलीपाशी वयनी एकटीच उरली होती. ती म्हणाली, "पावसात... रोजच ओली असतत, बाय."

माझं हसू तिथेच राहिलं. दादा हात धुवायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

*

पुढची तपासणी श्वासाची. पेटती मेणबत्ती वीतभर लांब धरायची, तोंड आ करून फुंकर मारायची. ज्योत विझली की छाती ठीक.

एकही बाई फुंकर मारीना! "दिव्याक तोंडान फुकूचा नसता गो!" बाईंनी कपाळावर हात मारला.

मीच वाट काढली. "मेणबत्ती दिवो झाली. काडयेक खंय कोण हात जोडता? आगपेटीची काडी फुका!"

मग काय, जत्राच! म्हाताऱ्यासुद्धा चुरशीने काड्या विझवायला लागल्या. शेवटी आली वयनी. तिने आ केला. ज्योत जराशी वाकली, परत सरळ झाली. दुसरी काडी. तेच. तिसरी बाईंच्या बोटापर्यंत जळत आली.

वयनी हसली. "काडी झाली तरी... उजेडच तो. माका विझवूचोच नाय!"

सगळ्या बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. दारात दादा उभा होता, तोही हसला नाही.

*

श्रावणात बाई पुन्हा आल्या. त्यांची पेटी उचलून मी त्यांना आमच्या घरी घेऊन आलो. बाहेर धो धो पाऊस. हाक मारली तर ओटीवर कोणी नाही. आत गेलो.

चुलीवर दोन कौलांएवढं आभाळ दिसत होतं. खाली पाटावर दादा! जन्मात स्वयंपाकघरात न बसलेला माणूस एका हाताने चुलीवर छत्री धरून बसला होता. वरून गळणारं पाणी छत्रीवरून ओघळून त्याच्याच पाठीवर. दुसऱ्या हातात पेटती काडी, वयनीच्या तोंडासमोर.

वयनी आ करून फुंकत होती. ज्योत वाकली. सरळ झाली. पुन्हा वाकली.

"दादा, टाका ती!" बाई ओरडल्या. "बोट भाजेल!"

दादाने मान वर केली नाही.

"थांबा बाय. तिची फुक अजून वाटेर आसा."