बंद म्हणजे नक्की काय?

कागद गिरणीत तिला सगळे कानसेन म्हणत. घरी ती कुणाची वहिनी, कुणाची मावशी. पण फाटकातून आत आली की कानसेन. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर स्टीम ट्रॅपवर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, "हा ठणठणीत आहे. हा मात्र आजारी." सव्वीस वर्षं ती वाफेच्या पाइपांवर फिटर होती. गिरणीत ट्रॅप तीनशे बारा, आणि प्रत्येकाचा स्वभाव तिला तोंडपाठ.

ट्रॅप म्हणजे पाइपावर बसवलेला लोखंडी दारवान. वाफ उष्णता देऊन थंडावली की तिचं पाणी होतं. ते पाणी बाहेर सोडायचं आणि वाफेला आतच अडवायचं, एवढंच त्याचं काम. तो बिघडला की एक तर वाफ वाया जाते, नाहीतर पाणी साचतं.

एका मंगळवारी ती बॉयलरच्या कामात अडकलेली असताना पाणी साचलं. सकाळपाळीच्या मिस्त्रीनं रजिस्टरात लिहिलं, 'सात नंबर ट्रॅप बंद.' दुपारपाळीच्या मिस्त्रीनं ते वाचलं, मान डोलावली आणि पुढच्या कामाला लागला. तासाभरात कागद वाळवणारा सातवा रूळ आतून पाण्यानं भरला, गार पडला, ओला कागद टराटरा फाटू लागला आणि मशीन थांबलं.

सकाळपाळीच्या मिस्त्रीला घरून परत बोलावलं, आणि मग दोघांची जी जुंपली!

"मी ढळढळीत लिहिलं होतं, बंद! म्हणजे पाणी बाहेर येत नाहीये!"

"अहो, बंद म्हणजे तुम्हीच व्हॉल्व्ह फिरवून ठेवलाय, असं वाटलं मला. तुमच्या कामात मी कशाला नाक खुपसू?"

मशीन थांबल्याचं ऐकून तिसऱ्या पाळीचा मिस्त्रीही लवकरच आला होता. तो निरागसपणे म्हणाला, "पण वाफ आली की बंद होतो, तोच तर चांगला ट्रॅप ना?"

घोटाभर लगद्यात उभी असलेली कानसेन खो खो हसत सुटली. मग तिच्या लक्षात आलं. एक शब्द आणि त्याचे तीन अर्थ; तिघंही आपापल्या जागी खरे.

घरी तिनं हे नवऱ्याला सांगितलं. तो शिंपी. काजं करता करता म्हणाला, "माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणतं, 'जरा सैल शिवा.' एकाचं सैल म्हणजे बोटभर, दुसऱ्याचं वीतभर. मी मुंडी हलवतो आणि टेप लावतो."

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिन्ही मिस्त्र्यांना तिनं एका टेबलावर बसवलं. "बंद हा शब्द आजपासून बाद. डोळ्यांना काय दिसतं, हाताला काय लागतं, ते बोला." चहाचे चार कप झाले, दोनदा रुसवाफुगवी झाली आणि शब्द ठरले. पाणी सोडत नाही, हाताला गार लागतो, तो 'तुंबलेला'. आपणच व्हॉल्व्ह फिरवून ठेवलेला, तो 'अडवलेला'. वाफ आल्यावर शहाण्यासारखा दार लावून घेतो, तो 'मिटलेला'. आणि सतत वाफ सोडून फुकट घालवतो, तो 'फुकट्या'.

हे मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि खणातून एक जाडजूड बाड काढून तिच्यापुढे ठेवलं. ट्रॅपांसाठी प्रमाण शब्द ठरवणाऱ्या समितीनं मसुदा पाठवून गिरणीचं मत मागवलं होतं. चार महिने तो खणात झोपला होता. कानसेननं पहिलाच शब्द मोठ्यानं वाचला, "'व्युत्क्रमित-घट-संघनित-निष्कासक'. म्हणजे आपला उलट्या बादलीचा ट्रॅप! अहो, याला हाक मारून होईपर्यंत अख्खा रोल फाटेल!"

तिनं दोन पानी मत लिहून पाठवलं. समितीनं तिला सभेलाच बोलावलं.

सभेत सगळे इस्त्रीच्या कपड्यांतले. अध्यक्ष होते एक निवृत्त प्राध्यापक. ते म्हणाले, "बाई, प्रमाण शब्द अभ्यासानं ठरतात, कॅन्टीनमध्ये नाही."

ती खुर्चीतून उठून उभी राहिली. "खरं आहे, सर. पण ते वापरणार कॅन्टीनमधलीच माणसं. एक विनंती करू? 'ट्रॅप बंद आहे' याचा अर्थ प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहावा. एकमेकांचं बघायचं नाही."

नऊ चिठ्ठ्या आल्या आणि अर्थ निघाले पाच. शेवटची चिठ्ठी होती खुद्द अध्यक्षांची. तिच्यावर लिहिलं होतं, 'संदर्भ पाहावा.' मग प्राध्यापकांनाच हसू फुटलं. चष्मा काढून डोळे पुसत ते म्हणाले, "चाळीस वर्षं शिकवलं हो मी हे! सांगा, तुमचे शब्द सांगा."

तुंबलेला, अडवलेला, मिटलेला हे तिन्ही शब्द व्याख्येसकट मंजूर झाले. उलटी बादलीही झाली. फुकट्यावर मात्र अर्धा तास खल झाला आणि तो पडला. त्याच्या जागी 'वाफ सोडणारा' आला. तिला वाईट वाटलं. "किती गुणी शब्द होता," ती परतताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली. बाईनं न समजताच मान हलवली.

पुस्तिका छापून आली, तेव्हा दुपारपाळीचा मिस्त्री ती वह्यांसारखं कव्हर घालून घेऊन फिरू लागला. लवकरच समितीचं दुसरं पत्र आलं. आता व्हॉल्व्हचे शब्द ठरवायचे होते आणि तिला सदस्य व्हायचं आमंत्रण होतं. तिनं होकार कळवला, पण एका अटीवर: सभा गिरणीत, मशीनच्या शेजारीच व्हावी.

आणि झाली तशी. प्राध्यापकांसकट नऊ जण डोक्यावर हेल्मेट घालून, घामाघूम होऊन वाफेच्या पाइपांमध्ये उभे होते आणि मशीनच्या धडधडाटात एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते, "काय म्हणालात? 'गळका' की 'वळका'?"