माने बाईंची स्टेन्सिल

हेडमास्तरांनी कागद माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, “वाचून दाखवा.”

आठवीच्या भूगोलाची प्रश्नपत्रिका होती. पहिला प्रश्न कसाबसा लागला. दुसऱ्यात ‘खालीलपैकी’ एवढा शब्द होता आणि त्याच्या पुढं नुसता काळा चिखल. कागद उलटा केला तर पाठीवरसुद्धा काळे पट्टे. माझी बोटं काळी झाली ती निराळीच.

“काय लागतंय का?”

“भूगोलाचा आहे एवढं लागतंय,” मी म्हणालो. हेडमास्तर हसले नाहीत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आष्ट्याच्या एका हायस्कुलातली. मी तेव्हा सांगलीच्या एका दुकानात टाइपरायटर आणि डुप्लिकेटर दुरुस्तीला होतो. डुप्लिकेटर म्हणजे ज्याला सगळं जग सायक्लोस्टाइल म्हणायचं ते मशीन. आजच्या पोरांनी ते पाहिलेलं नसणार, म्हणून सांगतो. मेण लावलेला एक पातळ कागद असतो, त्याचं नाव स्टेन्सिल. टाइपरायटरची रिबन बाजूला करून त्यावर टाइप केलं की अक्षराच्या आकाराची बारीक भोकं पडतात. ही स्टेन्सिल एका पोकळ ड्रमवर ताणून बसवायची. ड्रमच्या पोटात शाई. हँडल फिरवलं की शाई कापडी पॅडमधून झिरपते, भोकांतून खाली उतरते आणि खालचा रबरी रोलर कोरा कागद तिच्यावर दाबतो. एवढंच. पण ह्या एवढ्याशा गोष्टीवर अख्ख्या जिल्ह्याच्या शाळा, कचेऱ्या आणि सोसायट्या चालायच्या.

सोमवारपासून सहामाही होती. दिवाळीच्या तोंडावरची परीक्षा, पुढं ढकलायची सोय नाही. आणि निम्मे पेपर छापायचे राहिले होते.

हेडमास्तर मूळचे वाईचे. बोलणं स्वच्छ, धोतर त्याहून स्वच्छ. त्यांनी दोषी आधीच ठरवून ठेवला होता. शाळेत सहा महिन्यांपूर्वी माने बाई नावाची एक टायपिस्ट लागली होती. ती म्हणे टाइपरायटर बडवते. बडवलं की स्टेन्सिल फाटते, फाटली की शाई ओघळते. हे सगळं त्यांनी तिला स्टाफरूममध्ये, सगळ्या मास्तरांच्या देखत सुनावलं होतं. तिनं कापलेली स्टेन्सिल यापुढं मशीनवर चढवायची नाही, असा हुकूमही दिला होता. सांगलीहून दुसरा टायपिस्ट बोलवायचं घाटत होतं, आणि शनिवारी कमिटीची बैठक होती. त्या बैठकीत माने बाईंना कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं.

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. ‘ठ’, ‘व’, ‘ब’ अशी पोटाची अक्षरं जोरात आपटली तर मधलं पोट निसटून पडतं आणि तिथं शाईचा ठिपका उमटतो. टायपिस्टच्या हाताचा हा जुना रोग. मी भिंग काढलं आणि ड्रमवरची स्टेन्सिल उजेडात धरली. शाईनं ती माखलेली होती, पण एक ‘ठ’ फुटलेला असेल तर शपथ. सगळी पोटं जागच्या जागी.

मी हेडमास्तरांना तसं म्हणालो. ते म्हणाले, “तुम्ही मशीन बघा. माणसांचं मी बघतो.”

बरं, म्हटलं. बघतो मशीन.

मशीनमध्ये शाई बेसुमार झाली होती. ड्रमच्या कडेनं, स्टेन्सिलच्या खालून, स्क्रूच्या खाचांतून, जिथून वाट मिळेल तिथून ती बाहेर आली होती. पहिले काही कागद फिकट निघाले म्हणून हेडमास्तरांनीच आणखी शाई घालायला लावली होती. एकदा नव्हे, बऱ्याचदा. रबरी रोलरही काळा झाला होता. कागदाच्या पाठीवरचे पट्टे त्याचेच. मी स्टेन्सिल उतरवली, ड्रम फिरवत रद्दीवर रद्दी सोडली, कागद शाई पीत गेले. कडा रॉकेलच्या फडक्यानं पुसल्या. रोलरला मात्र रॉकेल लावायचं नाही, रबर फुगतं. तो कोरड्या फडक्यानं आणि थेंबभर स्पिरिटनं पुसला. नवी स्टेन्सिल पाहिजे होती. माने बाईंनी आदल्या दिवशी कापलेली गणिताची स्टेन्सिल कपाटात पडून होती, हुकूम झाल्यामुळं कोणी वापरली नव्हती. पण हेडमास्तरांनी ती लावू दिली नाही, म्हणून एका मास्तरांनी लोखंडी लेखणीनं हातानं कोरलेली लावली.

पुन्हा तोच चिखल! मास्तरांची अक्षरं सुजली होती.

खरं सांगतो, मला राग आला. मशीन पुसून लख्ख केलं होतं मी. शाई बेताची होती. आणि आता तर स्टेन्सिलसुद्धा माने बाईंची नव्हती. हेडमास्तरांना हे दिसायला पाहिजे होतं. पण ते म्हणाले, हातानं कोरलेलं असंच येतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

ते तासावर गेले. मी माने बाईंना बोलावलं. विशी-बाविशीतली बाई, डोक्यावरून पदर, बोलताना जमिनीकडं बघायची. मी विचारलं, आधी छपाई कशी यायची? ती म्हणाली, दसऱ्याच्या आधी शाळेच्या सगळ्या नोटिसा तिनंच कापल्या होत्या आणि छान निघाल्या होत्या. फलकावर अजून एक लावलेली होती. मी जाऊन बघितली. काचेसारखी स्वच्छ.

मग बाई आपणहून बोलली. ती वडूजची. तिकडं पाऊस पडेल तेव्हाच पिकणार, म्हणून भावांनी तिला साताऱ्याला ठेवून टायपिंग शिकवलं. लग्न होऊन आष्ट्यात आली. नवरा मिलिट्रीत. सासऱ्यांनी नोकरीला हो म्हटलं ते एकाच अटीवर.

“मामंजी म्हणाले, कायम झालीस तर कर. काढून टाकलं तर पुन्हा उंबऱ्याबाहेर नोकरीचं नाव काढायचं न्हाई.” मग म्हणाली, “मला हे काम लय आवडतं हो.”

मशीन दुरुस्त करणं हा माझा धंदा, पण त्या घडीला ते मशीन माझ्या घरचं असल्यासारखं वाटायला लागलं.

मी खराब झालेला कागद घेऊन खिडकीशी गेलो आणि उन्हात धरला. प्रत्येक अक्षराभोवती पिवळट, आरपार दिसणारं एक कडं होतं. गाड्यावरची भजी खाल्ल्यावर हातात उरतो ना, अगदी तसा कागद. शाईचा डाग असा पडत नाही. मी कागद नाकाला लावला. वास ओळखीचा. पण शाळेत कधी यायचा नाही असा, विहिरीवरच्या इंजिनाचा!

ड्रमला शाई भरायचं एक भोक असतं, त्याला बूच. मी बूच काढून ड्रम एका ताटलीवर कलता केला. आधी पाणी आलं. चक्क पाणी. त्यामागून मधासारखं इंजिन ऑइल. एवढी वर्षं ह्या धंद्यात काढली, सायक्लोस्टाइलमधून पाणी निघालेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

हेडमास्तर तासावरून परत आले. मी त्यांना ती ताटली दाखवली. त्यांचा चेहरा लाल झाला. हे कोणी केलं म्हणून ते गरजले. त्यावर दारातून ज्ञानू शिपाई आत आला. पन्नाशीचा गडी, हातात तासाचे टोल द्यायचा हातोडा. भिण्याचं नाव नाही. उलट, कामाची पावती मिळणार असा त्याचा चेहरा.

“म्या केलं की, सर.”

“का?”

“आवं, तुमीच सांगितलं व्हतं. खंडेनवमीची पूजा हाय, मशीनला तेलपाणी करून ठेव म्हून.”

मला हसू आवरेना, म्हणून मी स्क्रू शोधायला खाली वाकलो.

तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही-आम्ही तेलपाणी म्हणतो तेव्हा नुसतं पुसून, चार ठिकाणी थेंब सोडून निगा राखायची, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्ञानूच्या भावाच्या उसाला पाणी पाजायला विहिरीवर ऑइल इंजिन होतं. तिथं तेलपाणी म्हणजे तेल आणि पाणीच. एका भोकात ऑइल, टाकीत पाणी, मगच हँडल मारायचं. नाही घातलं तर इंजिन जळतं. ज्ञानूनं घरून चांगलं ताजं ऑइल आणलं होतं. मशीनला भोक एकच सापडलं, म्हणून दोन्ही त्यातच ओतलं, वर हळद-कुंकू वाहिलं. त्याच्या बाजूनं काम चोख झालं होतं.

हेडमास्तर म्हणाले, “अरे, मला पुसून ठेव असं म्हणायचं होतं.”

“मंग तसं म्हनायचं न्हाई व्हय?” ज्ञानू म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

पुढचं काम सरळ होतं. ऑइलनं शाई पातळ झाली होती. त्यामुळं ती भोकांतून गरजेपेक्षा जास्त उतरायची आणि कागदात पसरायची. पाण्यानं मधेच फिकट पट्टे पडायचे, म्हणून ह्या लोकांनी आणखी शाई ओतली. मी ड्रम आतून पूर्ण रिकामा केला. तेल प्यालेलं पॅड फेकून पेटीतलं नवं चढवलं. ज्ञानूनं रद्दीचा गठ्ठा आणला आणि न सांगता रोलर कोरडा केला. नवी शाई बेतानं घातली. मग मी कपाटातली गणिताची स्टेन्सिल काढली. माने बाईंची. ह्या खेपेला हेडमास्तरांनी अडवलं नाही.

हँडल मी बाईंच्या हातात दिलं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि फिरवलं.

पहिला कागद फिकट आला. दुसरा बरा. तिसरा आला आणि मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! वेलांट्या, मात्रा, अपूर्णांकाच्या मधली बारीक रेघसुद्धा कापून काढल्यासारखी. ‘ठ’ची पोटं शाबूत. पाठ कोरी. मी अंगठा जोरात घासला, शाई पसरली नाही. बाई हँडल फिरवत सुटली, कागद सपासप पडत राहिले, आणि ज्ञानू ते रचताना स्वतःच छापल्यासारखा खूश होता. सोमवारची काळजी मिटली.

हेडमास्तरांनी एक कागद उचलला. चष्मा वर करून वाचला. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. ते म्हणाले, “माने बाई, तुमच्या स्टेन्सिलचा दोष नव्हता. माझं चुकलं.”

मला वाटलं, संपलं. बाई आता मान खाली घालून बरं म्हणेल. पण तिनं हँडल थांबवलं आणि पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडं बघितलं.

“सर, हे स्टाफरूममध्ये सांगाल का? बोलला होता तिथंच.”

हेडमास्तर तो गणिताचा कागद हातात घेऊन स्टाफरूमकडं चालू लागले. मी, ज्ञानू आणि बाई मागोमाग दारापर्यंत गेलो. मधली सुट्टी होती, सगळे मास्तर चहा घेत होते. हेडमास्तरांनी कागद वर धरला आणि घडलेलं सगळं सांगितलं, स्वतःच्या तेलपाण्यासकट. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, तेही हसले. बाई हसली नाही. ती पदर सारखा करून परत मशीनकडं गेली, कारण सातवीचे पेपर राहिले होते.

शनिवारी कमिटीनं तिला कायम केलं. पुढच्या खेपेला मी आष्ट्याला गेलो तर तिच्या टेबलावर नवा टाइपरायटर होता आणि हाताखाली एक टायपिस्ट. बिघाड कुठलाही असो, लोक आधी सगळ्यात नव्या माणसाकडं बोट दाखवतात. मी तेव्हापासून एक करतो: बोट कोणाकडंही असू दे, आधी बूच काढून बघतो.