विहिरीवरचा शब्द

ती घटना आठवली नाही असं एकही वर्ष गेलं नाही. पण आजवर मी ती घरातसुद्धा सांगितलेली नाही. मुदतीआधीच नोकरी सोडली, पन्नाशी उलटली, आता बोलायला हरकत नाही. माणसांची आणि गावांची नावं देणार नाही. ज्या शब्दाबद्दल हे सगळं आहे तो शब्दही लिहिणार नाही. एका जमातीला हिणवायला आपल्याकडं तो पिढ्यानपिढ्या वापरला गेला, एवढं पुरे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला आणि विहिरी कोरड्या. मी उपनिरीक्षक म्हणून ठाण्यात नुकताच रुजू झालो होतो. सकाळची हजेरी घ्यायची, स्टेशन डायरी बघायची आणि निम्मी माणसं टँकरच्या बंदोबस्ताला पाठवायची, असं चाललं होतं. गावोगाव विहिरी खोल करणं सुरू होतं. खाली काळा दगड लागला की सुरुंग लावावा लागे. त्यामुळं जिलेटिनच्या कांड्या ठेकेदारांच्या कोठीत असत.

अशाच एका ठेकेदारानं फिर्याद दिली, की कोठीतून जिलेटिनची पेटी गेली. स्फोटकांचा मामला. जिल्ह्याहून फोन सुरू झाले.

त्या विहिरीवर दगड फोडणाऱ्या जमातीची टोळी होती. घरात तेलुगूसारखी बोली, बाहेर मराठी. टोळीची मुकादमकी एका विधवा बाईकडं होती. तिला सगळे अक्का म्हणत. सुरुंग भरायचं काम तिचा जावई करी. ठेकेदाराची एकच अट होती: माल सापडला नाही तर टोळी हलवा. दुष्काळात कामावरून उठवलेल्या टोळीला, त्यातून चोरीचा डाग घेऊन, दुसऱ्या कुठल्या गावानं उभं केलं नसतं. मुकादमीण हे जाणून होती. मीही जाणून होतो.

पंचनाम्याला गेलो तेव्हा माणसं विहिरीच्या काठावर भाकरी खात बसली होती. एकमेकांना तोच शब्द म्हणत होती, हसत होती, पाठीत धपाटे घालत होती. मला नवल वाटलं. बाहेरचा माणूस एकच होता, ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर चालवणारा. तोही तो शब्द म्हणे, सगळ्यांत मोठ्यानं. जावयाच्या खांद्यावर हात टाकून मला म्हणाला, "हे आपलेच हायत, सायब." जावई हसला, पण उलट कंप्रेसरवाल्याला तो शब्द कुणी म्हटला नाही. हे माझ्या डोळ्यांनी टिपलं, डोक्यात मात्र शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदारानं खबर आणली. फाट्यावरचा हॉटेलवाला म्हणत होता, की जावई खडीच्या खाणवाल्यांशी बोलत होता. आम्ही जावयाला उचललं, कोर्टातून पोलीस कोठडी घेतली. मग जे व्हायचं ते झालं. त्या काळी तपास तसाच होई, असं म्हणून मला सुटता येणार नाही. मारणारा हवालदार होता, समोर खुर्चीत मी होतो.

जावई काहीच कबूल करीना. अक्का रोज ठाण्याच्या पायरीपाशी येऊन बसे. रडत नसे, पाया पडत नसे. मी बाहेर आलो की उठून म्हणे, "सायब, त्यानं न्हाई नेलं." तेवढंच. शिपायांनी हाकललं तर लिंबाखाली जाऊन बसे आणि पुन्हा येई. एकदा वैतागून मी तिला विचारलं, मग कुणी नेलं, सांग. ती म्हणाली, "दिसलं न्हाई त्ये कसं सांगू? तुमीबी पायलं न्हाई की." एवढी सरळ बाई मी तोवर ठाण्यात पाहिली नव्हती. स्वतःचा माणूस सुटावा म्हणूनही दुसऱ्याचं नाव घेईना.

मग साक्षीदार म्हणून कंप्रेसरवाल्याला बोलावलं. चहा दिला. खुर्चीवर बसून तो मोकळा झाला. तोच शब्द घेऊन म्हणाला, "ह्या लोकायचं काय खरं हाय, सायब. ह्यांची जातच तसली." वर मला डोळा मारला. हवालदार हसला. मीही हसलो.

हसता हसताच मला विहिरीचा काठ आठवला. तिथं तो शब्द म्हणून हा माणूस टोळीत शिरत होता. इथं तोच शब्द म्हणून टोळीतून बाहेर पडत होता आणि आमच्यात येऊन बसत होता. शब्द एकच, पण जिथं जसा फायदा तसा वापरलेला. पोलिसाला इतकं पुरतं. मी हॉटेलवाल्याला बोलावून घेतलं आणि पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं, की तुला हे सांगितलं कुणी? तो म्हणाला, कंप्रेसरवाल्यानं.

पुढचं सोपं होतं. कंप्रेसरचं डिझेल त्याच कोठीत असे, म्हणून किल्ली त्याच्याकडंही जाई. बाजारच्या दिवशी त्याचा ट्रॅक्टर देगलूरच्या रस्त्याला गेला होता. तिकडच्या एका खाणीवरून पेटी जप्त केली. जबाब देताना त्यानं न विचारता एक गोष्ट सांगितली: "ते एकमेकाला म्हंत्यात तवा हसत्यात. म्या म्हणलं की वरवर हसत्यात. लई राग यायचा, सायब. इतकं संगं ऱ्हाऊन बी." चोरी पैशासाठी होती. पण आळ कुणावर टाकायचा, हे त्या रागानं ठरवलं होतं. मला वाटलं, माणूस कळला. जिल्ह्याहून शाबासकी आली.

जावई सुटला. टोळी कामावर राहिली. आणि त्या विहिरीला पाणी लागलं. अक्कानं शिपायाकडून निरोप पाठवला, जेवायला या. मी साध्या कपड्यांत गेलो. काठावर मटण रटरटत होतं, सगळे गोल करून बसले होते. मला पोतं अंथरून दिलं. थट्टा सुरू झाली. तो शब्द इकडून तिकडं उडत होता. मी त्यांच्यात बसलो होतो, त्यांच्या माणसाला सोडवणारा साहेब. आत धरून ठेवणाराही मीच, हे त्या घटकेला विसरलो. मला फार आपलं वाटत होतं, आणि ते तोंडानं म्हणून दाखवावंसं वाटलं. मी जावयाकडं बघून हसत तो शब्द म्हटला.

त्याच्या हातातली भाकरी खाली पडली. तो ताडकन उठला, हात जोडून उभा राहिला, मान खाली.

कोठडीत आम्ही त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. तोच शब्द ओरडायचा आणि तो उभा राहायचा. न राहिला तर काठी. हवालदारानं लावलेली सवय. मीही तशीच हाक मारत होतो.

अक्कानं जावयाचा हात ओढून त्याला खाली बसवलं. मग माझ्या ताटात भाकरी वाढली आणि आवाज न चढवता म्हणाली, "सायब, आमी म्हंतो तवा दोघंबी खाली बसल्याले असतो. तुमी म्हणलं की ह्याला उभं ऱ्हावं लागतंय. तुमी जेवा. त्यो शब्द ऱ्हाऊ द्या."

मी जेवलो. उठून जाणं हा तिचा अपमान झाला असता, आणि तेवढी लाज मला तेव्हा नव्हतीही.

पुढं खूप तपास केले. बाहेरची माणसं असा शब्द का मागतात, हे मात्र स्वतःकडं बघूनच कळलं. जेवायला बोलावलं होतं, शेजारी बसवलं होतं, तेवढ्यानं माझं भागलं नाही. ज्या शब्दानं त्यांनी मार खाल्ला, तो मला न मार खाता हवा होता. आणि त्यावर ते हसतात का, हेही बघायचं होतं. कंप्रेसरवाल्याला तेच हवं होतं. त्याला मी पकडलं, मला अक्कानं.

ती मला हाकलू शकली असती, किंवा भिऊन हसू शकली असती. तिनं ताटात भाकरी वाढली आणि नाही म्हणाली. साहेबाला तोंडावर नाही म्हणून त्याला पोटभर जेवू घालणारं माणूस मला नोकरीत पुन्हा भेटलं नाही.

जावयाची माफी मी मागितली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. टोळी पुढच्या कामाला निघून गेली आणि मी शोध घेतला नाही, शोध घेणं माझं काम असूनही. त्याचं नाव मला पाठ आहे. आता कुठं भेटला, मी त्या नावानं हाक मारली आणि तो बसूनच राहिला, तर मला बरं वाटेल.