भाकड महिन्यांची यादी

काका वर्षाचे दोनच भाग मानत. एप्रिल ते ऑक्टोबर बेसबॉल आणि उरलेले महिने बेसबॉलची पुस्तकं. दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले, घड्याळं तासभर मागे गेली आणि दुपारी चारलाच अंधारून यायला लागलं, की लंडनमधल्या ईलिंगच्या त्या घरी येणाऱ्याच्या हातात चहाच्या आधी पुस्तक पडायचं. मी त्यांच्याकडे आठवड्यातून तीन दिवस स्वयंपाकाला जात असे. मला इंग्रजी वाचता येत नाही. तरी मलाही एकदा एक मिळालं. "चित्रं बघा," म्हणाले. "फेकताना त्याचा पाय कुठे गेलाय बघा."

तरुणपणी काकांनी बारा वर्षं अमेरिकेत पुलांचे नकाशे काढले होते. हा खेळ तिथून त्यांच्याबरोबर आला. मुलीचं, रेवतीचं घर लंडनमध्ये, म्हणून ते इथे राहायला आले. पण इथे बेसबॉल म्हटलं की लोक क्रिकेटचं बोलू लागत. सगळ्या देशात मिळून त्यांना या खेळाची गोडी असलेली सहा मराठी माणसं सापडली होती. इल्फर्डचे जोशी, कॉव्हेंट्रीचे एक निवृत्त मास्तर, नागपूरहून नोकरीला आलेली चार कॉम्प्युटरवाली मुलं. त्या सहाजणांना काका दर नोव्हेंबरात पोस्टाने यादी पाठवत. थंडीत कोणती दहा पुस्तकं वाचावीत आणि का. ईमेल त्यांना चालत नसे. "कागद टेबलावर पडून राहतो आणि माणसाला लाज आणतो," असं ते म्हणत.

त्या महिन्यांना ते ऑफ-सीझन म्हणत. म्हणजे काय, ते मी एकदा पोळ्या लाटताना विचारलं.

"खेळ बंद असतो तो काळ."

"म्हणजे भाकड महिने," मी म्हणाले. बोलले आणि वाटलं, कशाला बोललो आपण.

काकांनी घास खाली ठेवला. "भाकड म्हशीला चारा घालतात का हो, सुमनबाई?"

"घालतात की. पोटात रेडकू असेल तर जास्तच घालतात. पुढच्या वेताचं दूध त्या खाण्यातूनच येतं."

त्या वर्षापासून यादीच्या माथ्यावर 'भाकड महिन्यांचा चारा' असं यायला लागलं. खाली कंसात 'शब्द सुमनबाईंचा'. मला ते आवडलं नाही. आपलं नाव कागदावर बघायची मला सवय नव्हती.

पुस्तकांबद्दल ते जेवताना बोलत. "नवख्याने आधी हरलेल्या संघाचं पुस्तक वाचावं," ते सांगत. "जिंकलेल्यांची सगळी सारखीच असतात." आकड्यांचं जाड पुस्तक जानेवारीसाठी, कारण तेव्हा खिडकीतून तसंही काही दिसत नाही. फेब्रुवारीत मात्र पातळ पुस्तक घ्यावं, म्हणजे मोसम सुरू झाला की अर्धवट राहिल्याची टोचणी लागत नाही.

पुढे त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आला. कडेचं दिसे, समोरची अक्षरं दिसत नसत. नोव्हेंबर आला. रेवती म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा, मी टाइप करते. टेन मिनिट्सचा काम आहे."

"तू नावं टाइप कर," काका म्हणाले. "का वाचायचं, ते सुमनबाई हाताने लिहितील."

मी नाही म्हणून टाकलं. माझी शाळा चौथीपर्यंतची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मी सासरी एक पत्र लिहिलं होतं. ते तिथे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं गेलं आणि लोक हसले. दीर पुढे इकडे आले तेव्हा त्यांनी कौतुकाने ते सांगितलं. तेव्हापासून सही सोडून मी काही लिहिलं नव्हतं. हे मी कोणाला कधी बोलले नव्हते. त्या दिवशी काकांना सांगितलं, कारण त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता.

मग त्यांनी एक मोठं पुस्तक मागितलं आणि त्यातलं धावफलकाचं चित्र मला शोधायला लावलं. "शेवटी तीन रकाने आहेत ना? पहिला धावांचा, दुसरा फटक्यांचा. तिसरा कसला?"

"मला काय माहीत?"

"चुकांचा. एवढ्या मोठ्या मैदानात, सगळ्यांसमोर लिहितात. कोणी घरी निघून जात नाही. लिहायची आणि पुढचा चेंडू टाकायचा."

कागदाच्या उजव्या कडेला त्यांनी चाचपडत एक रेघ ओढून घेतली आणि वर 'चु' लिहायला सांगितलं. तीन आठवडे ते सांगत आणि मी लिही. ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली की मी त्या रकान्यात एक खूण करी. पहिल्या कागदावर खुणाच जास्त होत्या.

यादी गेली. आठवड्याने इल्फर्डच्या जोशींचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर लावला.

"अहो, चौथ्या नंबरचा पिक्चर कुठे मिळेल? लायब्ररीत डीव्हीडी नाही म्हणतात."

"कसला पिक्चर?"

"तुम्हीच लिहिलंय. 'हे एका डावखुऱ्याचं पिक्चर आहे, चुकवू नका.'"

काकांनी 'डावखुऱ्या पिचरचं' म्हटलं होतं. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. मी पिक्चर ऐकलं होतं. सहाही घरी तेच गेलं होतं. फोनवर जोशी हसले. काकाही हसले. मी गॅस बंद केला, कोट घातला आणि निघाले. पुढच्या वेळी गेले नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही.

शेवटी काकांनी फोन केला. जेवणाचं काहीच बोलले नाहीत.

"सुमनबाई, फेकणाऱ्याने वाकडा फेकला तर चूक कोणाची धरतात?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फेकणाऱ्याची. झेलणाऱ्याची नाही, तसा नियमच आहे. मी तोंडात पोळी घेऊन बोलत होतो. ती चूक माझ्या नावावर लिहा. आणि या. रेवती पोळ्या आणते त्या पाकिटातल्या."

मी गेले. आणखी दोन याद्या आम्ही केल्या.

काका फेब्रुवारीत गेले. पातळ पुस्तक उशाशी होतं. त्यांना ते वाचता येत नव्हतं, पण हातात धरायला लागे. नंतर रेवतीने खोकी भरायला घेतली. म्हणाली, "मावशी, तुम्हाला कुठला पुस्तक हवाय का?" मी पहिल्या यादीचे मूळ कागद मागितले. रेवतीने त्यांच्या झेरॉक्स काढून पाठवल्या होत्या, मूळ घरीच होते.

चौथ्या पुस्तकापुढे, चुकांच्या रकान्यात, जाड मार्करने काहीतरी लिहिलेलं होतं. अक्षर रेघेच्या बाहेर गेलं होतं आणि अर्धं टेबलावर उमटलं असणार. 'काका' एवढंच होतं. मी त्यांचं नाव घालणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवाळीनंतर जोशींचा फोन आला. "यादी येणार ना?" मी म्हटलं, मला नवीन पुस्तकं माहीत नाहीत. ते म्हणाले, "जुनीच पाठवा. आणि पिक्चर तसाच ठेवा." तेव्हापासून दर नोव्हेंबरात मी तीच दहा पुस्तकं हाताने उतरवते, इंग्रजी नावं चित्र काढल्यासारखी बघून, आणि सहा पाकिटं पोस्टात टाकते. माझ्या अक्षराला आता वळण आलं आहे.

हे लिहितानाही मी उजवीकडे रेघ ओढून घेतली आहे. खुणा बऱ्याच झाल्या आहेत. नावावर घ्यायला काका नाहीत, म्हणून सगळ्या माझ्याच.