हात न लावणारा डॉक्टर

वेलचेरीतल्या आपल्या दवाखान्यात डॉ. कामाक्षीबाई चाळीस वर्षं ताप, जुलाब आणि पुराच्या पाण्याने कुजलेले पाय बघत आल्या. वरच्या मजल्यावर त्यांचा भाचा विश्वेश राहायचा. तोही डॉक्टर, सरकारी कॉलेजातून, म्हणजे लोकांच्या जिवावर शिकलेला. गेली चार वर्षं मात्र अमेरिकेत डॉक्टरी करण्यासाठीच्या परीक्षा देण्यापलीकडे त्याने इकडची काडी तिकडे केली नव्हती.

"संध्याकाळी दोन तास खाली बस रे," बाई सांगून थकल्या.

"इथला अनुभव तिकडे धरत नाहीत, आत्या."

तिकडचा अनुभव म्हणजे काय, तर न्यू जर्सीतल्या एका डॉक्टरामागे महिनाभर हात बांधून उभं राहणं. रोग्याला शिवायचं नाही. एवढं तर आपला वॉचमनही रोज करतो, बाई म्हणायच्या. आणि त्या देशाची तरी काय मिजास! स्वतःची मुलं जिथे जायला नाकं मुरडतात, त्या बर्फातल्या गावांसाठी आमची मुलं आयती घ्यायची, वर त्यांनाच नाक घासायला लावायचं.

दोन वर्षं तिथल्या इस्पितळांतली निवड हुकली. तिसऱ्या खेपेला एकाच इस्पितळाने मुलाखत घेतली आणि विचारलं, "शेवटचा रोगी स्वतः कधी तपासलात?" स्वारी परीक्षेतले गुण सांगू लागली. आठ दिवसांत रोगी तपासत असल्याचा लेखी पुरावा द्या, नाहीतर नाव वगळू, असं उत्तर आलं.

विश्वेश धावत खाली आला. बाकावर सात रोगी.

"आत्या, एक पत्र दे. चार वर्षं तुझ्याकडे काम केलं म्हणून."

"केलंस?"

"कोण बघायला येतंय?"

"हा सुब्बा येतो ना, साखर तपासायला. काय सुब्बा, या डॉक्टरला इथे कधी पाहिलंस?"

सुब्बाने निरखून पाहिलं. "वरचे डॉक्टर सार ना? गच्चीवर फोनवर इंग्लिश बोलत फिरतात."

अख्खा बाक हसला.

कामाक्षीबाईंनी पत्र लिहिलं: विश्वेश माझ्याकडे रोगी तपासतो. कधीपासून? तिथे आजची तारीख.

"आजची? असलं पत्र काय कामाचं?"

"खोटं मी लिहीत नाही. आज बसलास तर एवढं तरी खरं होईल. घे खुर्ची. सुब्बाच्या पायाची जखम चिघळलीय, बघ."

सुब्बाने पट्टी सोडली. वास सुटला. विश्वेशने घड्याळ पाहिलं.

"पाच वाजता कोचिंग आहे, आत्या. मुलाखतीत आत्मविश्वास कसा दाखवायचा, त्याचं."

तो जिना चढून गेला. बाईंनी पत्र टराटरा फाडलं आणि सुब्बाचा पाय स्टुलावर घेतला.