डॉक्टरांकडे जाताना नटू नये

आबांना बारामतीच्या दवाखान्यात न्यायचं होतं, त्या सकाळी आईने त्यांना अगदी नवरदेवासारखं सजवलं. परीटघडीचं धोतर, पांढरा पटका आणि पायात चुलत्यांकडून मागून आणलेल्या कोऱ्या करकरीत चपला... एवढ्या मोठ्या डॉक्टरपुढे जायचं म्हणजे काय चेष्टा आहे!

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. आम्ही भवानीनगरच्या अलीकडे, कालव्याकाठी राहायचो आणि मी परकरातली पोर होते. आबा म्हणजे माझे वडील, दुसऱ्या महायुद्धातले हवालदार. डाव्या गुडघ्यात गोळी लागली आणि तो पाय ताठ झाला तो कायमचाच.

त्या पायाची पेन्शन सुरू होती. पण सगळा भार वर्षानुवर्षं उजव्या पायावर घेऊन आता तो गुडघाही कामातून गेला होता. उसाला पाणी द्यायला चिखलात उभे राहिले की संध्याकाळी तो टम्म सुजायचा.

लष्कराच्या इस्पितळात इलाज झाला असता... पण पुण्याच्या फौजी मेडिकल बोर्डाने सांगितलं, गोळी डाव्या पायाला लागली, उजव्याचा फौजेशी काय संबंध? हे शेतीकामाचं दुखणं. संबंध असेल तर तसं डॉक्टरचं लेखी मत आणा.

आबांना गुडघ्यापेक्षा हेच जास्त लागलं. "म्हंजी मी खोटं बोलतुया व्हय?" एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले.

बोर्डापुढे नक्की काय घडलं असेल, ते मला बारामतीत कळलं. एसटीत कुणी जागा देऊ केली तरी "ठीक हाय, ठीक हाय" म्हणत आबा सगळा रस्ता उभेच. दवाखान्यात डॉक्टरांनी आत बोलावलं, तर खाडकन सावधान! दोन्ही पायांवर.

"काय त्रास होतो?"

"ठीक हाय साहेब!"

फौजेची सवय हो... साहेबापुढे रडगाणं गायचं नाही. आईने पदराआडून कपाळावर हात मारून घेतला आणि मग सगळी हकीकत तिनेच सांगितली.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला. "झीज आहे. पण ती शेतीनेही होते, वयानेही होते. जुन्या जखमेमुळेच झाली, असं मी अंदाजाने कसं लिहू?" माणूस कडक होता, पण वावगं काही बोलत नव्हता.

"बरूबर हाय," म्हणत आबा वळले. मला वाटलं... आता सगळं संपलं.

चपला दाराबाहेर काढलेल्या होत्या. साहेब बघत नाहीत म्हटल्यावर आबांचं सावधान सुटलं. खांबाला धरून, ताठ पाय हाताने उचलून ते नवी चप्पल घालू लागले, पण पाय काही आत जाईना. उजवा गुडघा नुसता लटपटत होता. आणि डॉक्टर दारात उभे राहून बघत होते.

"हवालदार, आत या. या चपला कोऱ्या दिसतात... रोजच्या कुठे आहेत?"

आई लाजेने अर्धी झाली. रोजच्या चपला तिच्या पिशवीतच होत्या, फडक्यात गुंडाळलेल्या. बाजारात आलोच आहोत तर चांभाराकडे टाकू, हा तिचा हिशेब. "लय घाण हायती वो डाक्टरसायेब..." म्हणत तिने त्या काढल्या.

डॉक्टरांनी त्या सरळ टेबलावर ठेवल्या! डावीची टाच जवळजवळ कोरी, फक्त पुढचं टोक घासलेलं. उजवीची टाच पार गेलेली, ठिगळावर ठिगळ.

"कधीपासून अशा झिजतात?"

"पलटणीतनं आल्यापास्नं," आई म्हणाली. "दर बारीला उजवीच जाती. डावीला काय बी हुत न्हाय."

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "बाई, हे आधी का नाही दाखवलंत? डाव्या पायाने भार पेललाच नाही, सगळा उजव्याने वाहिला. दुखण्याचं मूळ त्या गोळीतच आहे. आता मी लिहितो." मग आबांकडे वळले. "आणि तुम्ही फौज विसरून खरं सांगा. दुखतं का?"

आबांनी टेबलावरच्या चपलांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "दुखतंय साहेब... लय दुखतंय."

आई रडता रडता हसायलाच लागली. आबा खोटं बोलत नव्हते, हे आता कागदावर येणार होतं... छातीवरचा धोंडा उतरला.

पुढे बोर्डाने ते मत मान्य केलं, इस्पितळात इलाज झाला आणि आबा पुन्हा बांधावर हिंडू लागले. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही कधी विसरलो नाही. आजही घरातलं कुणी दवाखान्यात निघालं की मी बजावते, नटू नका आणि 'ठीक आहे' म्हणू नका.

पण मला विचाराल, तर आबांचा इलाज त्याच दिवशी सुरू झाला, परतीच्या एसटीत. एकाने उठून जागा दिली. आबांनी सवयीने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं... आणि मुकाट्याने बसले.