मुंग्यांची पंगत आणि कॅलेंडरमधला कोआला

"साहेब, मायले तुम्हीच समजवा. फवारा मारूच देऊन नाही राहिली," नामदेवरावांनी मला फाटकातच सांगितलं. त्यांची म्हातारी आई, सगळ्यांची माई, संत्र्याच्या बुंध्याशी ठाण मांडून बसली होती. पंप भरून तयार होता.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपूरजवळचं बेसा तेव्हा शेतांचं गाव होतं. मी नागपूरला सरकारी कीटकतज्ज्ञ, म्हणजे पिकांवरच्या किडींचा डॉक्टर.

झाडं पाहिली. पानांवर काजळी, फांद्यांवर तपकिरी खपल्या. ही खवले कीड. मादी एकदा फांदीला चिकटली की सहसा हलत नाही. रस शोषते, अंगाखाली अंडी घालते आणि मरते. तिची वाळलेली पाठच अंड्यांवरचं छप्पर होते. असंच चाललं तर बाग सरपणाला जाणार होती, आणि ती माईच्या नवऱ्याने लावलेली. ते नुकतेच वारले होते.

"फवाऱ्यानं माह्या मुंग्या मरतीन गा," माई म्हणाली. रोज सकाळी ती प्रत्येक बुंध्याशी मुंग्यांना साखर-पीठ घालायची. नवऱ्याच्या नावानं.

ओसरीवर चहा घेताना भिंतीवर कॅलेंडर दिसलं. त्यावर कोआला. म्हटलं, यावरून समजावू.

"माई, हा कोआला, ऑस्ट्रेलियातला. निलगिरीच्या झाडावर राहतो, तिचाच पाला खातो, दिवसभर झोपतो. पिल्लू आधी पोटाच्या पिशवीत, मग पाठीवर. तुमची कीडही तशीच. झाड सोडायचं नाही, बसल्या जागी खायचं, लेकरं अंगाखाली."

"मंग याचा फोटो लावता अन् तिले विष पाजता? काहून? तिचं तोंड दिसत नाही म्हनून?"

चहा संपवून पुन्हा बागेत गेलो, तेव्हा मुंग्यांची रांग दिसली. माईच्या पिठापासून थेट खोडावर, खवल्यांपर्यंत. खवले गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो चाटतात. बदल्यात खवले खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलून लावतात. पाहुण्यांना पुढची वाट माईनेच दाखवली होती.

मी हे सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "म्हंजे त्याइची झाडं मीच मारून राहिली?"

मी घाईने म्हणालो, "नाही माई. पुण्य बरोबरच आहे. पंगत फक्त बांधावर बसवा."

तिने स्वतःचं जुनं लुगडं फाडलं. आम्ही पट्ट्यांना ग्रीस लावून त्या खोडांना बांधल्या, म्हणजे मुंग्या वर चढणार नाहीत. पंप परत गेला.

"औषध कोणतं दिलं?" ऑफिसात माझ्या साहेबांनी विचारलं.

"जुनं लुगडं."

"चेष्टा करता काय?"

पुढच्या बहाराला गेलो तर ढालकिडे परतले होते, नवी पालवी स्वच्छ होती. कीड मारण्याआधी तिला कोण सांभाळतंय ते बघावं, एवढं मी शिकलो.

विहिरीजवळच्या एका कागदी लिंबाला मात्र पट्टी नव्हती. फांद्या खवल्यांनी भरलेल्या.

"ते राहू द्या गा," माई म्हणाली. "ते त्या कोआल्याचं झाड हाय."

नामदेवराव माझ्याकडे बघायला लागले. ढालकिड्यांनाही खायला काहीतरी लागतंच, असं मी त्यांना सांगितलं. ते खरंही होतं.